गुरांच्या वाड्याच्या जागी घर

आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची सभा लालबागमधील महापालिकेच्या एका शाळेत, रविवारी सकाळी भरते. चौथीच्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर साठीतली माणसे गुडघे मोडून बसतात आणि शिमग्याच्या पालखीचा हिशेब, देवळाच्या कौलांची वर्गणी, गणपतीला सोडायच्या गाड्यांचे आरक्षण असे ठरलेले विषय ठरलेल्या क्रमाने उरकले जातात. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र ऐनवेळच्या विषयांत एक प्रश्न न चुकता येतो: गावी वाडा पाडून तिथे घर बांधायचे असेल, तर परवानगी लागते का? वाडा या शब्दाने मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे चौसोपी इमारत उभी राहण्याची शक्यता आहे, म्हणून आधीच सांगतो की रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड-दापोलीकडे, वाडा म्हणजे गुरे बांधायची जागा. घाटावर ज्याला गोठा म्हणतात तो आमचा वाडा.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी गेल्या सभेत मला उभे केले गेले, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलो आहे. मी वीस मिनिटे बोललो आणि ऐकणाऱ्यांचा मुळात होता तो गोंधळ आणखी वाढवून खाली बसलो. निघताना मंडळाच्या एका जुन्या सभासदांनी, हे सगळे एकदा नीट लिहून काढा, असे सुचवले. मी वकील नाही, अभियंताही नाही. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला, भांडुपला राहणारा माणूस आहे. त्यामुळे पुढे लिहिले आहे ते एका कुटुंबाच्या एका फाइलीपुरते आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

आमचा वाडा तीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद होता. जांभ्याचे जोते, ऐनाचे खांब, किंजळाचे वासे आणि वर मंगलोरी कौले. आत आठ गुरांची दावण, माळ्यावर पेंढा, मागच्या भिंतीला टेकून नांगर आणि जू, आणि पुढे शेणाने सारवलेले खळे. पॉवर टिलर आल्यावर बैलांचे काम संपले. माझ्या चुलत भावाने, म्हणजे गावी राहून शेती करणाऱ्या दादाने, शेवटची जोडी २०१६ साली विकली. पुढची चार वर्षे वाड्यात फक्त पेंढा आणि जळाऊ लाकडे होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर चढले आणि त्याचा तडाखा आमच्या तालुक्यालाही बसला, तेव्हा वाड्याचा कणाच उडाला. आढे मोडले, कौले शेजारच्या आमराईत जाऊन पडली. नंतर पंचनामे झाले आणि आमच्या पंचनाम्यात "गोठा, अंशतः पडझड" अशी नोंद झाली. या तीन शब्दांकडे तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. पुढे कळले की आमच्या वाड्याचे अस्तित्व सरकारदरबारी नोंदवणारा तो एकमेव कागद होता. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची आकारणी होती, वाड्याची नव्हती. सातबाऱ्यावर तर त्याचा मागमूसही नव्हता.

पडलेला वाडा पुन्हा उभारण्याला अर्थ नव्हता, कारण बांधायला गुरे नव्हती. जुने घर एकच, आणि गणपतीत तीन कुटुंबांची मिळून बावीस माणसे त्यात मावेनाशी झाली होती. तेव्हा असे ठरले की जुने घर दादाकडे राहावे आणि वाड्याच्या जागेवर दोन लहान घरे व्हावीत, एक माझे आणि एक नालासोपाऱ्याच्या धाकट्या चुलत भावाचे. वाड्याचे क्षेत्र साधारण ५० चौरस मीटर होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असते, म्हणजे आठ गुरांच्या जागेत सरकारी मापाची बरोबर दोन घरे बसत होती. हा हिशेब धाकट्याने मांडला तेव्हा सगळे हसले. पण घराच्या कल्पनेला सुरुवात तिथून झाली.

परवानगीचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात पहिल्यांदा आला नाही, आणि त्याचे कारण मला वाटते आमच्या मुंबईत राहण्यात आहे. मुंबईत जुन्या बांधकामाला मोल असते. बी.डी.डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळते, ते त्या खोलीमुळे. उपकरप्राप्त इमारतीतला भाडेकरू मोडकळीला आलेली खोली सोडत नाही, तीही याच कारणासाठी. पडके का असेना, बांधकाम आहे म्हणजे हक्क आहे, हे गणित आमच्या हाडीमाशी खिळलेले. मंडळाच्या सभेत जो तो विचारतो, "वाडा होताच की तिथे, मग घराला परवानगी कसली?", तेव्हा तो चाळीच्या पुनर्विकासाचेच गणित गावी लावत असतो. मीही तेच लावले होते.

गावचे गणित वेगळे निघाले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतावरील इमारतीची व्याख्या आहे. अवजारे, खत किंवा चारा ठेवण्यासाठी, पीक साठवण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी बांधलेली इमारत तिच्यात येते आणि अशी इमारत उभी राहिली म्हणून जमीन शेतीची असण्यात फरक पडत नाही. उलट पोटखराबा नावाचा जो प्रकार सातबाऱ्यावर असतो, त्यातल्या "अ" वर्गात मोजणीच्या वेळी लागवडीस अयोग्य ठरलेल्या जमिनीबरोबर खातेदाराच्या शेतावरील इमारती आणि खळी यांचा नियमांतच उल्लेख आहे. म्हणजे आमचा वाडा आणि खळे यांना कायद्याच्या दृष्टीने जागा होती, पण ती पिकाला निरुपयोगी म्हणून सोडलेल्या तुकड्याची. त्या तुकड्यावर गुरे बांधली तर तो शेतीचाच भाग. माणसे राहायला आली की वापर अकृषिक. वाडा होता म्हणून घराला काडीचाही आधार मिळत नाही, कारण वाड्याने कधी जमिनीचा प्रकार बदललेलाच नव्हता. पंचनाम्याचा तो कागद मी मोठ्या विश्वासाने तालुक्याला नेला होता. समोरच्या अव्वल कारकुनाने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "काका, यानं गोठा होता एवढंच सिद्ध होतं."

याच व्याख्येत एक वाक्य असे आहे की ते वाचून पुष्कळांचे डोळे चमकतात. खातेदाराच्या कुटुंबातील माणसे, नोकर किंवा कुळे यांच्या राहण्याची जागासुद्धा शेतावरील इमारतीत मोडते. कर्जत, अलिबागकडे जी शेतघरे दिसतात, त्यांतली कित्येक या वाक्याच्या आडोशाने उभी राहिली आहेत आणि त्यांच्या पोहण्याच्या तलावात कोणती शेती होते हे विचारण्याची सोय नाही. धाकट्या भावाचे म्हणणे होते की आपणही तसेच दाखवावे. दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली अशी की शेतावरच्या इमारतीला सरसकट परवानगी लागत नसली, तरी शहरांच्या भोवतालच्या पट्ट्यांत आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात कलम ४१ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि ०.४ हेक्टरपेक्षा कमी जमिनीवर ती मिळत नाही. आमचा जिल्हा रत्नागिरी-सिंधुदुर्ग प्रादेशिक योजनेत आहे, आणि त्या गटात आमच्या वाट्याला आलेली जमीन जेमतेम चौदा गुंठे. दुसरी गोष्ट दादाने सांगितली. तो म्हणाला, "तू वर्षातून वीस दिवस येणार. तुला शेतावर राहणारा माणूस म्हणून कागदावर दाखवायचं आणि शेत मी करायचं, हे मला जमणार नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागले.

मग सरळ रस्ता धरला, आणि त्या रस्त्यावर पहिला मुक्काम गावठाणाच्या रेषेचा होता.

गावठाण हा शब्द आपण वस्ती या अर्थाने सहज वापरतो. कायद्यात मात्र गावठाण म्हणजे महसूल अधिनियमाच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलेल्या हद्दीतली जागा. देशावर घरे एकमेकांना चिकटून असतात, गावाभोवती कधीकाळी तट असतो, त्यामुळे वस्ती आणि गावठाण बहुधा एकावर एक बसतात. कोकणात घरे वाडीवाडीने, डोंगराच्या उतारावर, ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे विखुरलेली असतात. मूळ गावाला गावठाण असते आणि पाच-सहा वाड्या शेतजमिनीत असतात. काही गावांना तर गावठाणच नाही. आमची वाडी अशीच शेतजमिनीत. आजोबांचे घर शंभर वर्षांचे, घरपट्टी भरतो आहोत, तरी त्याखालची जमीन कागदावर वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची शेतजमीन. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली, आपल्याकडे पुरंदर तालुक्यातील सोनोरीपासून ड्रोनने गावठाणे मोजण्याचे काम आधीच सुरू झाले होते आणि घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या, तेव्हा आमच्या मूळ गावावरही ड्रोन फिरला. वाडीतली पोरे आमच्याकडे कधी येतो म्हणून वाट पाहत राहिली. तो गावठाण मोजायला आला होता. वाडी त्याच्या कामात बसत नव्हती.

या कोंडीतून वाट काढणारी तरतूद आमच्या अर्जाच्या वेळी महसूल अधिनियमात एका दुरुस्तीने आलेली होती. कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, नियोजनाच्या नियमांना बाधा येत नसेल तर, निवासी वापरासाठी रूपांतरित झाली आहे असे मानले जाई. रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि लागू असेल तिथे नजराणा भरला की तहसीलदार सनद, म्हणजे तसा दाखला, देत. स्वतंत्र अकृषिक परवानगीची जुनी वारी करावी लागत नसे. ज्यांच्या वाड्या गावठाणाला लागून आहेत त्यांच्यासाठी ही मोठीच सवलत होती, आणि तिची माहिती आमच्या मंडळात चाळीसपैकी तिघांना होती.

आम्ही हद्द कायम करण्याची मोजणी मागवली. तिची तारीख यायला पाच महिने लागले. ऐन भातलावणीत आली, आणि भूकरमापक गुडघाभर चिखलात उभे राहून खुणा शोधत होते. नकाशा हाती आल्यावर परवानाधारक अभियंत्याने त्यावर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरची रेषा आखली. वाड्याची गावाकडची भिंत १९३ मीटरवर होती आणि पलीकडची २०२ मीटरवर. रेषा वाड्याच्या पोटातून जात होती. दादाने नकाशाकडे बराच वेळ पाहिले आणि हिशेब सांगितला की गुरे बांधायच्या आठ दाव्यांपैकी सहा परवानगीत आहेत, दोन बाहेर. "आणि ती दोन खोंडांची," असेही तो म्हणाला.

घरे हलवायची की रेषा, हा प्रश्न उघडच एका बाजूने सुटणार होता. त्याआधी जमिनीच्या इतिहासाशी गाठ पडली. आमचे आजोबा खोताचे कूळ होते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळे मालक मानली गेली आणि यथावकाश आजोबांच्या नावे मालकीचे, कूळकायदा कलम ३२-म चे प्रमाणपत्र झाले. हे प्रमाणपत्र आमच्या घरात देवाच्या फोटोमागे ठेवलेले असे. त्याच्यासोबत सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कूळकायदा कलम ४३ चा शेरा आला, आणि तो असेपर्यंत जमीन परवानगीशिवाय कोणाला देता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने, मालकी मिळून दहा वर्षे झालेल्या अशा जमिनींसाठी आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरली की पूर्वपरवानगी लागत नाही. आमच्या गटाचा आकार सत्त्याऐंशी पैसे होता. चाळीस पट म्हणजे पस्तीस रुपयांच्या आत. ते पस्तीस रुपये भरण्यासाठी भांडुप ते मंडणगड अशा माझ्या तीन फेऱ्या झाल्या, आणि त्यांपैकी एका फेरीत संबंधित टेबलावरचे गृहस्थ निवडणुकीच्या कामावर गेले होते. कोणाचा दोष होता असे मी म्हणत नाही. पण शेरा कमी झाल्याचा फेरफार मंजूर होईपर्यंत दुसरा पावसाळा सुरू झाला.

सह्यांचे प्रकरण याहून लांबले. सातबारा सामाईक, त्यावर अकरा नावे, आणि त्यांतल्या दोघांचे निधन होऊन वारसनोंदी राहिलेल्या. आमच्या दोन आत्या. थोरली चिपळूणची, धाकटी विरारची. बहिणींच्या सह्या घेऊन टाकू, असे घरातले पुरुष ज्या सुरात म्हणतात तो सूर मला पूर्वी कधी खटकला नव्हता. विरारच्या आत्याने संमतीपत्र वाचायला ठेवून घेतले. आठ दिवसांनी तिने फोन करून विचारले की नव्या घरात तिच्यासाठी कोणती खोली आहे. आम्हाला उत्तर सुचले नाही. अखेर संमतीपत्रात असे वाक्य घातले गेले की गणपती आणि शिमग्याला तिचा आणि तिच्या मुलांचा त्या घरात राहण्याचा अधिकार राहील. वकिलाने या वाक्याला कायदेशीर वजन फारसे नसल्याचे सांगितले. आत्याने ते मोठ्या अक्षरांत टाइप करून घेतले आणि मग सही केली.

मधल्या रिकाम्या महिन्यांत इंग्लंडमध्ये नगररचना सल्लागाराकडे नोकरी करणाऱ्या भाच्याशी या विषयावर बोलणे होत असे, आणि त्याच्या बोलण्यातून आमच्या प्रकरणाकडे पाहण्याची एक वेगळी बाजू कळली. तिथे शेतावरच्या जुन्या कोठारांचे आणि गोठ्यांचे घरांत रूपांतर करण्यासाठी, पूर्ण नियोजन परवानगीऐवजी, पूर्वसंमतीची एक आटोपशीर वाट आहे. "क्लास क्यू" या नावाने ती ओळखली जाते. मे २०२४ पासून एका शेतावर अशी दहापर्यंत घरे करता येतात, एकूण क्षेत्र १,००० चौरस मीटर आणि एका घराचे १५० चौरस मीटर या मर्यादेत. अट अशी की इमारत मुळात घर होण्याइतकी धडधाकट हवी. पाडून नवे बांधणे त्यात बसत नाही. सांगाडाच उरलेल्या गोठ्याभोवती नव्या भिंती उभ्या करणे म्हणजे रूपांतर नव्हे, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. पण गंमत पुढे आहे. २०१७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मान्य केले की जुन्या गोठ्याचे घर करण्याची वाट मालकाला खरोखर मोकळी असेल, तर नव्या घरांच्या अर्जाचा विचार करताना ती गोष्ट जमेस धरता येते. त्यामुळे अनेक ठिकाणी मालक आधी गोठ्यासाठी पूर्वसंमती मिळवतो आणि मग तिच्या जोरावर, गोठा पाडून त्याऐवजी बरी दिसणारी घरे बांधण्याची पूर्ण परवानगी मागतो. पडक्या गोठ्याला तिथे असे मोल येते. भाचा म्हणाला की तुमचा वाडा इकडे असता तर निसर्ग वादळाच्या आधी अर्ज करायला हवा होता.

मुंबईची चाळ, इंग्लंडचा गोठा आणि मंडणगडचा वाडा अशी ही तीन बांधकामे मनात शेजारी ठेवली की आपल्या ग्रामीण कायद्याचा स्वभाव स्पष्ट होतो. तो इमारतीकडे पाहत नाही, जमिनीकडे पाहतो. मला सुरुवातीला याचा राग होता. आता तो बराच ओसरला आहे. वाडा आहे म्हणून घर मिळते असा नियम उद्या झाला, तर आमच्या डोंगरउतारांवर मुंबईच्या पैशाने चार पत्रे आणि दोन गाई असलेले वाडे रातोरात उगवतील, आणि वर्षभराने गाई जाऊन घरे राहतील, याबद्दल मला शंका नाही. तरीही ज्याचा वाडा तीन पिढ्यांचा आहे, पंचनाम्यात आहे, आणि ज्याला त्या जागी स्वतःसाठी एकच घर हवे आहे, त्याच्या अर्जात त्या वाड्याला काहीतरी वजन असावे असे मला वाटते. रेषेपलीकडच्या दोन दाव्यांसाठी तरी.

सनद मिळाल्यावर बांधकामाची परवानगी राहिलीच होती, आणि इथे मंडळातल्या बहुतेकांची फसगत होते. २०२१ साली राज्य सरकारने गावठाणातल्या घरांसाठी मोठी मोकळीक दिली. साधारण १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर मालकीचे कागद, नकाशे आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला देऊन व शुल्क भरून काम सुरू करता येते. त्यापुढे ३,२०० चौरस फुटांपर्यंत नगररचना विभागाकडे न जाता ग्रामपंचायतीची परवानगी पुरते. व्हॉट्सअ‍ॅपवर या निर्णयाचा जो अवतार फिरला त्यात गावठाण हा शब्द गळाला होता आणि "३,२०० फुटांपर्यंत परवानगी नाही" एवढेच उरले होते. आम्ही गावठाणाबाहेर. ४२-ड ने जमिनीचा वापर बदलला, पण इमारतीच्या नकाशाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालील मंजुरी लागलीच. हा कायदाही १९६६ चाच. त्याच वर्षाचा महसूल अधिनियम जमिनीचा प्रकार पाहतो आणि नगररचनेचा कायदा इमारत पाहतो, आणि दोन्ही फाइली वेगवेगळ्या जिन्यांनी वर जातात. नकाशा तपासला जातो तो डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे. बृहन्मुंबईला ती लागू नाही, तिथे २०३४ च्या आराखड्याची वेगळी नियमावली आहे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मुंबईतल्या ओळखीच्या वास्तुविशारदाकडून गावचा नकाशा काढून आणलेले दोघे जण मंडळात आहेत आणि दोघांचेही नकाशे परत आले.

आमचा नकाशा एकदाच परत आला. त्यात पोहोचरस्त्याची रुंदी दाखवली नव्हती. पाणंद सहा फुटांची, पूर्वी गुरे जायची तेवढी. शेजाऱ्याने आपल्या गडग्यापासून तीन हात जागा सोडल्याचे लिहून दिले आणि त्या बदल्यात आमच्या नव्या विहिरीवर पंप बसवण्याची मुभा मागितली. हा व्यवहार सरपंचांच्या पडवीत, चहाबरोबर, दहा मिनिटांत झाला. सगळ्या प्रकरणात इतक्या लवकर दुसरे काही झाले नाही.

रेषेने दोन स्वतंत्र घरांचा बेत मोडला होता. २०० मीटरच्या आत, वाड्याचा पुढचा भाग आणि खळे मिळून, एकच इमारत नीट बसत होती, तेव्हा खाली माझे आणि वर धाकट्याचे असे एक दुमजली घर झाले. जिना बाहेरून आहे, दोन्ही स्वयंपाकघरे वेगळी आहेत. धाकट्याला वरचा मजला नको होता, कारण कोकणातल्या घराला अंगण नसेल तर ते घर कसले, असे त्याचे म्हणणे; ते खरेही आहे. वाड्याचे ऐनाचे सहा खांब वापरता आले. जांभ्याचे चिरे पुढच्या ओटीला लावले. परवानगीच्या कामाला तीन वर्षे आणि बांधकामाला चौदा महिने लागले.

घर बंदच असते. मंडळाच्या सभेत हे मी सांगितले नाही, पण इथे सांगायला हवे. वर्षातले तीनशे चाळीस दिवस कुलूप असते आणि किल्ली वहिनीकडे. आमच्या वाडीत गेल्या काही वर्षांत वाड्यांच्या जागी सात नवी घरे झाली, त्यांतल्या पाचांना अशीच कुलपे आहेत. तालुक्याच्या कार्यालयात एका तरुण नगररचना सहायकाने मला विचारले होते, "यात राहणार कोण?" अर्जात तशा नावाचा रकाना नव्हता, तेव्हा मी हसून विषय टाळला. दादाच्या मुलाला तळमजल्यावर पर्यटकांची सोय करायची आहे. माझी हरकत नाही, मात्र सनद निवासी वापराची आहे आणि तो वापर व्यावसायिक ठरतो का, हे विचारल्याशिवाय पाटी लावू नकोस, एवढे मी त्याला सांगून ठेवले आहे.

वाड्याचे मागचे जोते, रेषेपलीकडले, तसेच आहे. तिथे काही बांधता येत नाही आणि ते उखडून टाकण्याची गरज कोणाला वाटली नाही. गेल्या गणपतीला गेलो तेव्हा वहिनीने त्यावर चार बांबू उभे करून पत्रा टाकलेला दिसला. खाली दोन शेळ्या होत्या. परवानगी घेतली का, असे मी गमतीने विचारले, तर ती म्हणाली, "शेळ्यांना लागत नाही ना? तुम्हीच सांगितलंत."